मुलाचं डायपर सोडवायचंय? शूच्या आधी शीकडे बघा

शाळांचे फॉर्म निघाले की आईबाबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी हाच प्रश्न फिरायला लागतो. प्लेग्रुपवाले सांगतात मूल टॉयलेट ट्रेन्ड हवं, पोरगा अडीच वर्षांचा होऊनही डायपरमधेच, जून तोंडावर आलेला, आणि मोबाईलवर कुणीतरी ठासून सांगतंय की तीन दिवसात डायपर सुटतं. घरात आजी म्हणते आमची पोरं तर वर्षाची असताना सांगायची. बालरोगतज्ज्ञ म्हणतात घाई करू नका. मग ऐकायचं कुणाचं?

तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, फक्त तिघं वेगवेगळ्या गोष्टीबद्दल बोलतायत. आणि ज्या गोष्टीबद्दल कुणीच बोलत नाही ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे शी. बहुतेक घरांमधे सगळं लक्ष शूवर असतं, फरशी ओली झाली, सोफा ओला झाला, पण गाडी खरी अडते ती कडक शीवर. ते कसं ते सांगतेच, पण आधी शरीरात काय चाललेलं असतं ते बघू.

शू थांबते कशी आणि सुटते कशी

मूत्राशय म्हणजे लघवी साठवणारी पिशवी. सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. या टाकीखाली दोन कॉक आहेत असं समजा. पहिला आपोआप चालतो, टाकी भरली की उघडतो. दुसरा हाताने फिरवावा लागतो, त्यासाठी वॉचमन हवा. हा वॉचमन म्हणजे मेंदू. डॉक्टर या कॉकांना स्फिंक्टर म्हणतात, म्हणजे तोंड आवळून धरणारे गोल स्नायू.

तान्ह्या बाळाचा वॉचमन अजून कामावर नीट रुजूच झालेला नसतो. टाकी भरली की मणक्याच्या पातळीवरच निर्णय होतो आणि शू होते, दिवसातून वीसेक वेळासुद्धा. साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान मेंदू आणि मूत्राशय यांच्यातली मज्जातंतूंची लाईन पक्की व्हायला लागते. टाकीही मोठी होते. डॉक्टर एक ढोबळ हिशोब वापरतात, मुलाचं वय अधिक २, गुणिले ३० मिली. म्हणजे अडीच वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण १३५ मिली मावतं. फार नाही, त्यामुळे दीड-दोन तासांनी जावं लागणं अगदी बरोबर आहे.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण यावरून घराघरात पोरं ओरडा खातात. धरून ठेवणं आणि हवं तेव्हा सोडणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बऱ्याच मुलांना धरून ठेवणं आधी जमतं. त्यामुळे होतं काय, पोरगा पॉटीवर दहा मिनिटं बसतो, काही होत नाही, उठतो, चड्डी चढवतो आणि हॉलमधे येऊन शू करतो. आपल्याला वाटतं हा मुद्दाम करतोय. तो मुद्दाम करत नाहीये. बसलेला असताना त्याने स्नायू आवळलेले होते, उठून खेळायला लागला तेव्हा ते सैल पडले, इतकंच. सांगितल्यावर सैल सोडायला जमणं ही त्या वयात खूप अवघड गोष्ट आहे.

मग आजीची पोरं वर्षाची असताना कशी सांगायची?

आजी खोटं बोलत नाहीये. तिच्या वेळेस कापडी लंगोट होते, ओलं झालं की लगेच कळायचं, बाळालाही आणि तिलाही. ती बाळाला दोन पायांवर बसवायची आणि तोंडाने शूऽऽ करायची. ठरलेली जागा, ठरलेला आवाज, दूध प्यायल्यावरची ठरलेली वेळ. काही आठवड्यांनी तो आवाज ऐकला की बाळ शू करायला लागतं. हे खरंच होतं. पूर्व आफ्रिकेतल्या दिगो समाजात आया अशीच पद्धत वापरतात आणि त्यांची बाळं पाच-सहा महिन्यांचीच असताना बऱ्यापैकी कोरडी राहतात हे संशोधकांनी १९७७ मधे नोंदवलं होतं.

पण यात बाळाचा इशारा ओळखून वेळेवर त्याला धरायचं काम मोठं माणूस करत असतं. त्यासाठी दिवसभर बाळाजवळ कुणीतरी लागतं, आणि धुवायला लंगोटांचा ढीग असतो. ज्या घरात आजही असं माणूस आहे तिथे ही पद्धत जरूर वापरावी, त्यात काहीच वाईट नाही. मात्र स्वतःला जाणवणं, खेळ सोडून जाणं, चड्डी काढणं, बसणं हे सगळं मुलाने स्वतः करणं ही पुढची पायरी, आणि ती दोन वर्षांच्या अलीकडे क्वचितच येते.

आणि डायपरचंही ऐका. आतल्या जेलमुळे शू क्षणात शोषली जाते, ढुंगण कोरडं राहतं. पुरळ कमी, झोप चांगली, आईची कामं होतात, सगळं मान्य. पण शू झाली की ओलं लागतं हा धडाच मुलाला मिळत नाही. म्हणून डायपर सोडवायच्या आधी महिनाभर रोज थोडा वेळ, समजा संध्याकाळी एक तास, साध्या चड्डीत ठेवा. शिकवायचं काहीच नाही, फक्त त्याला कळू द्यायचं की असं होतं.

तयार झालाय हे कसं ओळखायचं

वयापेक्षा खुणा बघा. डायपर सलग दोन तास कोरडं राहतंय का. शी करताना पडद्यामागे, दाराच्या आड जाऊन उभा राहतो का, कारण लपतोय म्हणजे त्याला आधी जाणवतंय. ओल्या डायपरचा वैताग येतो का, स्वतःची चड्डी खाली ओढता येते का, 'चेंडू आण आणि टोपलीत टाक' एवढं सांगितलेलं समजतं का. यातल्या बऱ्याच गोष्टी दिसायला लागल्या की सुरुवात करायला हरकत नाही.

मुलगे मुलींपेक्षा थोडे मागे असतात हे खरं आहे. अमेरिकेत २००२ मधे छापलेल्या एका अभ्यासात निम्म्या मुली साडेबत्तीस महिन्यांपर्यंत दिवसभर कोरड्या राहायला लागल्या होत्या आणि निम्मे मुलगे ३५ महिन्यांपर्यंत. म्हणजे निम्मे मुलगे जवळजवळ तीन वर्षांचे झाले तरी अजून शिकतच होते! शेजारची मुलगी सव्वादोन वर्षांची असताना सांगायला लागली म्हणून आपल्या लेकाची तुलना करायचं काही कारण नाही.

आता शी, आणि इथे जरा थांबून वाचा

मूल कधीतरी एकदा कडक शी करतं. प्रवास झाला, ताप येऊन गेला, पाणी कमी गेलं, काहीही कारण. त्याला दुखतं. दोन-अडीच वर्षांचं मूल त्यावरून काय ठरवतं तर शी केली की दुखतं, म्हणून करायची नाही. मग तो टाचा उंचावतो, पाय एकमेकांवर घट्ट दाबतो, कोपऱ्यात जाऊन लालबुंद होतो. बघणाऱ्याला वाटतं जोर करतोय, पण बरेचदा तो शी आत दाबून धरत असतो. शी जितका वेळ मोठ्या आतड्यात राहते तितकं आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं, ती आणखी कडक होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं, आणि तो आणखी धरून ठेवतो.

हे चक्र चालू असताना जर आपण डायपर काढलं आणि पॉटीवर बसवलं तर त्याच्या मनात पॉटी आणि दुखणं एकत्र जोडलं जातं. मग तो शू पॉटीत करतो पण शीसाठी डायपर मागतो किंवा तीन-तीन दिवस करतच नाही. हे अजिबात दुर्मिळ नाही, साधारण पाचातल्या एका मुलाचं असं काही काळ होतं.

आणि याचा शूशीही थेट संबंध आहे. गुदाशय, म्हणजे आतड्याचा शेवटचा भाग, मूत्राशयाच्या अगदी मागे असतो. तो कडक शीने फुगला की मूत्राशयाला दाबतो, टाकीची जागा कमी होते, शूची घाई लागते, थेंब थेंब सुटतं. आईबाबा महिनोन्महिने शूच्या मागे लागलेले असतात आणि कारण मागच्या बाजूला असतं. बरेच दिवस साचलं तर घट्ट गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपते आणि चड्डीला डाग लागतात, लोकांना वाटतं जुलाब झालेत म्हणून ते जुलाब थांबवायचं औषध देतात, म्हणजे नेमकं उलटं.

म्हणून माझं म्हणणं असं की डायपर काढायच्या आधी दोन-तीन आठवडे फक्त शी बघा. रोज किंवा एक दिवसाआड होतेय का, मऊ आहे का, न रडता होतेय का. नसेल तर आधी ते दुरुस्त करा. बऱ्याच घरात कारण दूध असतं, पोरगा दिवसात तीन-चार मोठ्या बाटल्या दूध पितो आणि जेवतच नाही. या वयात दिवसाला ४०० ते ५०० मिली दूध पुरतं. बाकी पोटात वरणभात, भाजी, भाकरी, पपई, पेरू, भिजवलेल्या काळ्या मनुका आणि पाणी जायला हवं, मैद्याची बिस्किटं कमी व्हायला हवीत. एवढं करूनही कडकच राहिली तर डॉक्टरांना दाखवा. शी मऊ करायची औषधं मुलांसाठी सुरक्षित असतात आणि कधीकधी काही महिने द्यावी लागतात, सवय लागेल या भीतीने चार दिवसात बंद करू नका, कारण आतड्याला मूळ आकारावर यायला वेळ लागतो. आणि ते तेलात बुडवलेलं विड्याच्या पानाचं देठ किंवा साबणाची वडी, कृपा करून नको. त्या दिवशीची शी होते पण मुलाची भीती दुप्पट होते.

मुलगा आहे म्हणून वेगळं काय?

पहिला प्रश्न नेहमी हाच, उभं राहून शिकवायचं की बसून? सुरुवात बसूनच करा. या वयात शू आणि शी बरेचदा एकत्र येतात, उभा राहिला तर शी चड्डीत जाते. बसल्यावर स्नायू सैल पडतात, मूत्राशय पूर्ण रिकामं होतं. उभं राहून नेम धरणं हे नंतरचं काम, शी नीट जमली आणि उंची थोडी वाढली की बाबांना किंवा दादाला बघून मुलगे आपसूक शिकतात. बसताना गुडघे थोडे फाकवून, थोडं पुढे वाकून बसवा आणि शूची जागा खाली करायला शिकवा, नाहीतर धार सरळ समोर भिंतीवर जाते.

इंडियन टॉयलेट असेल तर ते शीसाठी उत्तमच, कारण उकिडवं बसलं की गुदाशयाला मागून आवळून धरणारा स्नायू सैल होतो आणि वाट सरळ होते. फक्त ते भोक मुलाला मोठं वाटतं, पाय घसरतो, म्हणून सुरुवातीला जमिनीवर ठेवायची छोटी पॉटी बरी. कमोडवर बसवणार असाल तर वर छोटी सीट आणि पायाखाली पाट किंवा स्टूल हवंच. पाय लोंबकळत असताना शी सोडणं कठीण असतं, स्वतः करून बघा म्हणजे कळेल. आणि कमोडचं झाकण किंवा सीट वर उभी करून मुलाला समोर उभं करत असाल तर ती हाताने धरून ठेवा, वरून पडली तर थेट शूच्या जागेवर आपटते, अशा दुखापती खरंच होतात. चेनची पँट या काळात नकोच.

अजून एक, आणि हे मला पोटतिडकीने सांगावंसं वाटतं. अंघोळीच्या वेळी बाळाच्या शूच्या जागेची कातडी मागे ओढायची असं बऱ्याच घरात मालिशवाली किंवा कुणी वडीलधारी सांगतात. ओढू नका. या वयात ती कातडी आतून चिकटलेली असणं नॉर्मल आहे, ती वर्षानुवर्षांत आपोआप सुटते, काहींची शाळेत जायच्या आधी, काहींची पार वयात येताना. जबरदस्तीने ओढली की बारीक चिरा पडतात, शू करताना जळजळ होते, आणि मूल शू धरून ठेवायला लागतं. वरवर पाण्याने धुवा, पुरे. शू करताना कातडी क्षणभर फुगली पण दुखत नसेल आणि धार चांगली असेल तर त्यातही घाबरण्यासारखं सहसा नसतं.

प्रत्यक्ष करायचं कसं

वेळा ठरवा. उठल्या उठल्या, जेवणानंतर, बाहेर जायच्या आधी, झोपायच्या आधी. जेवण झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी बसवणं सगळ्यात फायद्याचं, कारण पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपणहून हलायला लागतं. तीन ते पाच मिनिटं बसू द्या, हातात मोबाईल देऊ नका, कारण मग त्याचं लक्ष पोटाकडे राहत नाही. झालं तर टाळ्या, नाही झालं तर 'बरं, नंतर बघू' आणि उठवा. दर दहा मिनिटांनी 'शू आली का, शू आली का' विचारलं की मूल वैतागून नाही म्हणायला लागतं, त्यापेक्षा सरळ 'चल, शूची वेळ झाली' म्हणा.

कपडे इलॅस्टिकचे, सैल, आणि भरपूर. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत म्हणून शक्य असेल तर मार्च ते मे सुरू करा, पोरगं नुसत्या चड्डीत फिरलं तरी चालतं. गादीवर मेणकापड. अपघात झाला तर न ओरडता पुसा, त्यालाही फडकं आणू द्या पण शिक्षा म्हणून नको. 'शी, घाण, छी छी' हे शब्द या काळात घरातून काढूनच टाका, कारण मूल शीला स्वतःचाच भाग समजतं आणि आपल्याला घाण म्हटल्यासारखं घेतं. 'मोठा झाला तरी चड्डीत करतो' असं पाहुण्यांसमोर तर कधीच बोलू नका.

फ्लशच्या आवाजाला घाबरत असेल तर तो बाहेर गेल्यावर फ्लश करा. शी पॉटीतून टॉयलेटमधेच टाका, लहान मुलाची शी निरुपद्रवी असते हा गैरसमज आहे, तिच्यातूनही जंतू पसरतात. साबणाने हात धुवायचे, त्याचेही आणि आपलेही.

पण तीन दिवसात होतं म्हणतात त्याचं काय?

होतं, ज्याचं शरीर आधीच तयार आहे त्याचं. घरात तीन दिवस दुसरं काहीच न करता मुलाच्या मागे राहिलं तर तयार मुलाला शूचं तंत्र पटकन कळतं. तयार नसलेल्या मुलावर तेच केलं तर तीन दिवस रडारड होते आणि पुढे दोन महिने तो पॉटीचं नाव काढू देत नाही. ब्रेझेल्टन नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९६२ मधे ११७० मुलांची माहिती मांडली होती, मुलाच्या कलाने घेतलं तर दिवसाचं नियंत्रण सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांना आलं. आणि २००३ च्या एका अभ्यासात दिसलं की २७ महिन्यांच्या आधी जोर लावून काम लवकर संपत नाही, फक्त शिकवण्याचा काळ लांबतो.

शाळा तर जूनमधे उघडणार

मग शाळेशी आधीच मोकळेपणाने बोला. तिथे बाई किंवा मावशी किती वेळाने टॉयलेटला नेतात, टॉयलेट कसं आहे, मुलाने 'शू' म्हटलेलं त्यांना कळेल का. शक्य असेल तर शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा ते टॉयलेट दाखवून आणा. बॅगेत दोन जोड जास्तीचे आणि एक पिशवी. तीन वर्षांच्या मुलाला अधूनमधून अपघात होणार हे लहान मुलांच्या कुठल्याही शाळेने धरून चालायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि एखादी शाळा त्यावरून मुलाला सगळ्यांसमोर लाजवत असेल तर शाळेला जाब विचारा, मुलाला नाही. शाळेत शी लागेल या भीतीने मुलं दिवसभर धरून ठेवतात आणि मग ते वर सांगितलेलं चक्र सुरू होतं, म्हणून सकाळी नाश्ता देऊन घरीच बसवायची सवय लावा, भले पंधरा मिनिटं लवकर उठावं लागलं तरी.

रात्रीचं गणित वेगळं आहे

दिवसा सुटलं म्हणून रात्रीचं डायपर त्याच आठवड्यात काढायची घाई नको. रात्री कोरडं राहणं शिकवून येत नाही. झोपेत शू कमी तयार व्हावी म्हणून मेंदू एक हार्मोन सोडतो, ते पुरेसं तयार व्हायला आणि भरलेल्या मूत्राशयाने जाग यायला वेळ लागतो. पाच वर्षांची साधारण १५ टक्के मुलं अजून गादी ओली करत असतात, त्यात मुलगे जास्त. आई किंवा बाबांपैकी एकाचं लहानपणी असं असेल तर मुलाचं असण्याची शक्यता ४४ टक्क्यांच्या आसपास, दोघांचंही असेल तर ७७. तेव्हा मुलाला रागावण्याआधी आजीला विचारा, बाबांची गादी कितव्या वर्षापर्यंत उन्हात वाळत घालावी लागायची. सकाळी डायपर सलग बरेच दिवस कोरडं मिळायला लागलं की काढा.

सगळं जमलं होतं आणि परत चड्डीत करायला लागला तर?

धाकटं भावंडं आलं, घर बदललं, आजारी पडला, गावाला महिनाभर राहून आला, तर असं होतं. चार-सहा आठवड्यात परत येतं. त्या काळात ठरलेल्या वेळा परत सुरू करा, आणि गरज वाटली तर डायपर घाला, त्यात हार नाही. पण शी परत कडक झालीय का हे आधी तपासा, बरेचदा तिथेच सापडतं.

काही गोष्टींसाठी मात्र वाट बघू नका. शू करताना रडत असेल, शूत रक्त दिसलं, कारण नसताना ताप येत असेल, धार कायम बारीक किंवा थेंब थेंब असेल, शूसाठी जोर करावा लागत असेल, मधल्या वेळातही चड्डी सतत ओलसर राहत असेल, तर डॉक्टरांकडे न्या. चार वर्षं होऊनही दिवसाचं काहीच जमत नसेल तरी दाखवून घ्या. आणि चांगला कोरडा राहणारा मुलगा अचानक खूप पाणी प्यायला लागला, सारखी शू करायला लागला, रात्री परत गादी ओली करायला लागला, वजन उतरत चाललं, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या, लहान मुलांमधला टाईप १ मधुमेह बरेचदा असाच समोर येतो आणि त्यात एक-दोन दिवसांचा उशीरही महागात पडतो.